सर्वांचं मत तेच आमचं मत

पंडित नानांनी पाचवी वही मिटली, चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पहिली वही परत उघडली. दोष चष्म्याचा नव्हता. पाच वेगवेगळ्या गटांनी, पाच वेगवेगळ्या दिवशी, दीड-दीड तास चर्चा करून शेवटी एकच वाक्य सांगितलं होतं आणि नानांच्या वळणदार अक्षरात ते पाचही वह्यांच्या शेवटच्या पानावर विराजमान झालं होतं : 'सर्वांचं जे मत असेल, तेच आमचं मत.'

आता सर्व म्हणजे कोण? तर हेच पाच गट. म्हणजे पहिला गट उरलेल्या चौघांकडे बघतोय, ते चौघं पहिल्याकडे बघताहेत, आणि मध्ये नाना पेन घेऊन बसलेत.

धुळ्याच्या देवपुरातल्या स्नेहदीप कॉलनीच्या मधोमध एक मोकळी जागा होती. नकाशात ती 'खुली जागा' होती, लोकांच्या तोंडी 'ओपन प्लेस' होती आणि प्रत्यक्षात तिथे चार वेड्या बाभळी, सिमेंटचा एक फुटका पाइप आणि कुणाच्या तरी ट्रॅक्टरची पंक्चर ट्रॉली होती. जळगावच्या 'तापीकाठ सहविचार न्यास' नावाच्या संस्थेने कळवलं होतं की, या जागेवर तुम्ही म्हणाल ते आम्ही उभारून देऊ. पण म्हणायचं तुम्हीच, आणि म्हणायचं ते गटागटाने बसून. मग त्या सगळ्या चर्चांमधून एका जाणत्या माणसाने 'सामाईक आशय' काढायचा.

जाणता माणूस म्हणून नानांचं नाव निघालं, याचं कारण नाना बत्तीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल होते एवढंच नव्हतं. खरं कारण असं की, नाव सुचवल्यावर 'नको' म्हणायला त्यांना नेहमी सात-आठ सेकंद लागत, आणि चुडामण आबा कुणालाच तीन सेकंदांच्या वर देत नसत.

चुडामण आबा कॉलनीचे अध्यक्ष. वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत त्यांची नोकरी झाली होती. दारूगोळ्याच्या कामात एकच गोष्ट दोनदा सांगायची पद्धत नसते, ती सवय त्यांनी निवृत्तीनंतरही सोडली नव्हती. 

"पंडित भाऊ, पंचवीस तारखेपर्यंत एक पान. विषय संपला," ते म्हणाले होते, आणि विषय खरोखरच संपला होता.

पण नानांनी काम मुकाट्याने घेतलं त्याला आणखी एक कारण होतं, आणि ते त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. नानांच्या घरात अकराशे त्रेचाळीस पुस्तकं होती. दोन पलंगांखाली, माळ्यावर, फ्रिजच्या जुन्या खोक्यात आणि शिवणयंत्राच्या झाकणावर. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक सुलक्षणा दोन्ही मुलांना घेऊन आठ दिवस माहेरी येणार होती आणि प्रमिलाबाईंनी निर्णय देऊन टाकला होता.

"अहो, आखाजीच्या आत पलंगाखालून सगळं निघालं पाहिजे. मागच्या वेळी नातवाच्या अंथरुणात वाळवी निघाली. वाळवीसुद्धा तुमच्यासारखीच, एकदा पुस्तकात शिरली की बाहेर येत नाही."

रद्दीवाला तोताराम एकदा येऊन वाकून पलंगाखाली बघूनही गेला होता. त्याने काटा बाहेर काढला नाही, पण मुरलेला माणूस वधूकडे बघतो तसं पाहिलं मात्र होतं.

तेव्हापासून नानांच्या मनात एक खोली उभी राहिली होती. ओपन प्लेसवर, बाभळींच्या जागी. चार कपाटं, दोन बाकं, एक पंखा. पण ही खोली त्यांच्या मनाबाहेर कधी आली नाही. ओट्यावर बसणाऱ्यांच्या गटात त्यांची स्वतःची बोलायची पाळी आली तेव्हा सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि नानांच्या तोंडून शब्द निघाले, "माझं काय, सगळे म्हणतील तसं." आणि मग ते त्यांनी स्वतःच्याच हाताने वहीत लिहिलं.

तर पाच वह्या पिशवीत घालून नाना सकाळच्या एसटीने जळगावला गेले. वाटेत पारोळ्याला चहा घेताना त्यांनी मनातल्या मनात भाषण तयार केलं होतं. न्यासाच्या कार्यालयात ऋतिका मॅडम नावाची तिशीतली मुलगी बसली होती. तिने वह्या चाळल्या, कपाळावर आठी आणली आणि विचारलं, "काका, दुसऱ्या वहीत पाच पानं कपाशीच्या भावावर आहेत?"

"ते... ते बोलले तसं लिहिलं," नाना म्हणाले.

"आणि इथे दोंडाईच्याच्या एका लग्नातल्या जेवणाबद्दल सहा पानं?"

"वांग्याची भाजी खारट झाली होती म्हणे. गाळायचं कसं, ते मला ठरवता येईना. उद्या कोणी म्हणालं, आमचं बोलणं खाल्लं, तर?"

ऋतिका मॅडम हसली नाही, हे तिचे उपकार. ती म्हणाली, "काका, पाचही गटांचं एकमत आहे, पण मतच नाही. आमच्या अर्जात रकाना आहे बघा : 'समूहाची अंतर्दृष्टी, चाळीस शब्दांत.' त्यात हे बसणार नाही. तुम्ही असं करा." मग तिने टेबलाच्या खणातून रंगीत कागदांचे गठ्ठे काढले. "गुलाबी कागदावर गरजा. पिवळ्यावर भावना. हिरव्यावर सूचना. एका कागदावर एकच मुद्दा. मग सगळे पसरायचे आणि सारखे सारखे एकत्र आणायचे. अर्थ आपोआप वर येतो."

"आपोआप?" नानांनी आशेने विचारलं.

"नेहमी येतो," ती म्हणाली. "आणि एक, कुणाचं नाव बाहेर जाता कामा नये. लोक विश्वासाने बोलतात."

नाना परतले. आपण जळगावला जाऊन आलो, ही बातमी त्यांनी फक्त प्रमिलाबाईंना सांगितली होती, त्यामुळे संध्याकाळपर्यंत ती पाचही गटांना कळली. आणि मग एक विलक्षण प्रकार सुरू झाला. गटात ज्यांचं सर्वांसारखंच मत होतं, ती माणसं एकेकटी नानांच्या फाटकाशी येऊ लागली.

पहिली आली भागाबाई. वय सत्तरीच्या पुढे, मूळ गाव साक्रीकडचं, शहरात राहून चाळीस वर्षं झाली तरी बोली तिळमात्र न हललेली. महिला मंडळाच्या चर्चेत ती म्हणाली होती, "मी काय सांगू नाना, बठ्ठा सांगतीन तेच मनं मत शे." आता ती फाटकाला धरून, आजूबाजूला बघून, हळूच म्हणाली, "नाना, जठे मनी सून येत नही अशी जागा पाहिजे. कोनले सांगू नका."

"नाही सांगणार," नाना म्हणाले आणि आत जाऊन गुलाबी कागदावर लिहून आले.

अर्ध्या तासाने भागाबाईंची सून दिपमाला शाळेतून परतताना थांबली. ती शिक्षिका. गटात तिने 'पर्यावरणपूरक संकल्पना' असा शब्द वापरला होता आणि पुढे 'अर्थात सर्वांचं मत असेल तर' असं जोडलं होतं. फाटकाशी ती शुद्ध मराठीत म्हणाली, "नाना, खरं सांगू? जिथे आमच्या सासूबाई येणार नाहीत, अशी एखादी जागा. पण हे आपल्यातच."

नानांनी दुसरा गुलाबी कागद घेतला. मग विचार केला की ही गरज आहे की भावना? त्यांनी तोच मजकूर पिवळ्यावरही लिहिला. मग वाटलं, ही सूचनासुद्धा असू शकते. हिरव्यावर लिहिताना मात्र आपण एकाच सासूला तीनदा हद्दपार करतोय, असं वाटून त्यांनी पेन खाली ठेवलं.

कुंदाबाई आल्या. त्यांचं घर पत्र्याचं, कोपऱ्यातलं. त्या म्हणाल्या, "नाना, दर वर्षी बिबडे वाळत घालायला दुसऱ्याची गच्ची मागायची, मला लाज वाटते हो. कुणी नाही म्हणत नाही. पण मागावं लागतंच ना. एखादा मोठा ओटा झाला उन्हातला, तर... पण माझं नाव नका घेऊ, प्रमिलाताईंना वाईट वाटेल. दरवेळी त्यांच्याच गच्चीवर असते मी."

निंबा भाऊ आले, निवृत्त कंडक्टर. त्यांना बदाम सात खेळायला जागा हवी होती. घरी सुनेने पत्ते लपवले होते. स्पर्धा परीक्षेला चौथ्यांदा बसणारा हितेंद्र आला. त्याला शांतता हवी होती आणि 'यंदा काय झालं रे निकालाचं?' असं न विचारणारी माणसं हवी होती. मिरच्या वाळवणाऱ्या आल्या, गुडघे दुखणारे आले, फिरायला जातो म्हणून सांगून न फिरणारे आले. आणि शेवटी, सगळ्यांचं झाल्यावर, पाठीमागच्या दाराने, चुडामण आबा.

आबा बसले. पाणी प्यायले. पंख्याकडे बघत राहिले. "पंडित भाऊ," ते म्हणाले, "अशी एखादी जागा पाहिजे जिथे मला कोणी काही विचारणार नाही. नुसतं बसायचं." मग उठून त्यांनी छाती पुढे काढली. "हे लिहू नका. पंचवीस तारीख लक्षात आहे ना?"

नानांनी लिहिलं. न लिहिणं त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं. आणि लिहिलं की मागच्या बाजूला बारीक अक्षरात नावही लिहीत होते. हे चूक आहे, हे त्यांना कळत होतं. पण बत्तीस वर्षं ज्याने कर्त्याच्या नावाशिवाय एकही नोंद केली नाही, त्याचा हात कागद कोरा सोडायला तयार होईना. नावं मागच्या बाजूला आहेत, कागद उलटायचे नाहीत, म्हणजे झालं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

सल्ल्यांनाही तोटा नव्हता. निंबा भाऊंनी चिठ्ठ्या उचलून निकाल लावायला सांगितलं. भजनी मंडळाने सुचवलं की, सर्वात आधी जो बोलला त्याचंच धरा, बाकीच्यांनी फक्त दुजोरा दिलाय. एका गृहस्थाने मोबाइलमध्ये सगळं टाका, तो अर्थ काढून देतो, असं सांगितलं. नानांनी बिचकत टाकलं, तर मोबाइलने 'आपल्या परिसरात सर्वसमावेशक, शाश्वत आणि आनंददायी वातावरण असावे' असं सुंदर वाक्य काढून दिलं. नानांनी ते तीनदा वाचलं. त्यात कुंदाबाईंचे बिबडे कुठे दिसेनात.

एकशे सव्वीस कागद झाले. आणि त्या संध्याकाळी, घरात कोणी नसताना, नानांनी एकशे सत्ताविसावा कागद घेतला. गुलाबी. त्यावर लिहिलं : 'पुस्तकांची एक खोली असावी.' तो कागद त्यांनी बराच वेळ हातात धरला. हे कोण बोललं होतं? कोणीच नाही. पाच वह्यांत हे वाक्य कुठेच नव्हतं. पण एकशे सव्वीस खऱ्या कागदांत एक हा मिसळला, तर कोण ओळखणार होतं? त्यांनी तो गठ्ठ्याच्या मध्ये सरकवला. मागची बाजू कोरी ठेवली. बत्तीस वर्षांतली कर्त्याशिवायची पहिली नोंद! त्यानंतर त्यांना जेवण गेलं नाही. प्रमिलाबाईंनी विचारलं तर पोट बिघडलंय म्हणाले, म्हणून ओवा खावा लागला.

आता कागद पसरायचे कुठे? घरात जमीन नावाची वस्तू उरलीच नव्हती, तिच्यावर पुस्तकं होती. म्हणून नानांनी दुपारी गच्ची गाठली. मांजरानेही बसायला भ्यावं असं धुळ्याचं वारं. एकेका ढिगावर वजन हवं म्हणून त्यांनी खालून पुस्तकं आणली. शब्दकोशाचे खंड गरजांवर, इतिहासाचे भावनांवर, जाडजूड कादंबऱ्या सूचनांवर. तीस-चाळीस खेपा झाल्या. संध्याकाळी गच्चीवर पाच रांगा, बावीस ढीग आणि साठ-सत्तर पुस्तकं असा मोठा देखणा पसारा झाला. अर्थ अजून वर आला नव्हता, पण उद्या सकाळी ताज्या डोळ्यांनी बघू म्हणून नाना समाधानाने खाली उतरले.

जेवताना प्रमिलाबाई काहीतरी म्हणाल्या होत्या. नाना वाचत होते आणि 'हं' म्हणाले होते. त्यांच्या संसारातल्या बहुतेक आपत्ती या 'हं'पासून सुरू झालेल्या आहेत.

सकाळी उजाडता उजाडता ते जिना चढले आणि शेवटच्या पायरीवर थिजले. गच्चीवर सात-आठ बायका होत्या. मधोमध ज्वारीच्या शिजवलेल्या घाट्याचं भलंमोठं पातेलं वाफाळत होतं, लसूण-मिरचीचा वास दरवळत होता आणि गच्चीभर ओल्या साड्या पसरून त्यांवर पापडासारखे पातळ बिबडे घातले जात होते. प्रत्येक साडीच्या चारही कोपऱ्यांवर एकेक पुस्तक होतं. आणि कागद? एकही ढीग जागेवर नव्हता. गुलाबी, पिवळे, हिरवे, सगळे एका सुपात कोंबलेले होते.

"मी सांगितलं होतं ना, उद्या आपल्याकडे बिबडे आहेत," प्रमिलाबाई हाताला घाटा लावलेल्या अवस्थेत म्हणाल्या. "तुम्ही हं म्हणालात. बरं झालं बाई तुम्ही पुस्तकं वर आणून ठेवली. दर वर्षी विटा शोधत फिरावं लागतं. पहिल्यांदाच उपयोगी पडली."

"माझे ढीग!" नानांच्या तोंडून एवढंच निघालं.

"उडत होते. कुंदाताईंनी गोळा केले."

कुंदाबाईंनी सूप पुढे केलं. त्यांनी वरचा एक कागद उचलला होता आणि, माणसाच्या हाताला लागते ती ओढ, उलटूनही पाहिला होता. "नाना, हे काय? 'बदाम सात खेळायला आडोसा.' आणि मागे निंबा भाऊंचं नाव?" 

"ते वाचायचं नाहीये," नाना क्षीण आवाजात म्हणाले. पण गच्चीवर वारं होतं, आणि नानांचा आवाज वाऱ्यात कधीच टिकलेला नव्हता.

निंबा भाऊंची बायको खळखळून हसली. "आडोसा पाहिजे म्हणे! घरात तोंड वर करून बोलत नाहीत आणि कागदावर आडोसा मागतात."

मग काय, सूप फिरू लागलं. एक हात घाट्यात, एक सुपात. नानांना वाटलं, आपण गच्चीवरून खाली उडी मारावी. पण खाली तोताराम रद्दीची गाडी घेऊन उभा होता, आणि त्याच्या गाडीत पडणं हा फार वाईट शेवट झाला असता.

"'जिथे माझी सून येत नाही अशी जागा,'" कुंदाबाईंनी वाचलं आणि मागची बाजू बघून गप्प झाल्या. 

दिपमाला त्यांच्या शेजारीच बसली होती. तिने हात पुढे करून दुसरा कागद काढला, आणि नशीब बघा, तो नेमका तिचाच. ती तो दडवायला गेली, पण भागाबाईंनी मनगट धरलं. "वाच."

"आई, नको."

"मले वाचता येत नही म्हनीसन सांगस. वाच!"

दिपमालाने वाचलं, "जिथे आमच्या सासूबाई येणार नाहीत, अशी एखादी जागा."

गच्चीवर घाट्याचे बुडबुडे ऐकू येऊ लागले. नानांनी डोळे मिटले. बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून एक पुस्तकही हरवलं नव्हतं आणि आज एका सकाळीत एक अख्खं घर फुटणार होतं. मग एक चमत्कारिक आवाज आला. भागाबाई हसत होती. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. "मनं आनि इनं एकच मत शे!" ती म्हणाली. "पह्यला डाव!" मग दिपमालाही हसू लागली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

तेवढ्यात जिन्यात खडखड झाली आणि चुडामण आबा वर आले. "काय गोंधळ आहे? पंडित भाऊ, आज चोवीस तारीख. पान कुठे आहे?" 

नेमक्या त्याच वेळी कुंदाबाई पुढचा कागद वाचत होत्या : "'अशी जागा, जिथे मला कोणी काही विचारणार नाही.' चुडामण आबा."

आबांची छाती जागच्या जागी खाली आली. कुंदाबाई त्यांच्याकडे बघत भाबडेपणाने म्हणाल्या, "पण आबा, तुम्हाला विचारतंय कोण? आम्हालाच तर तुम्ही विचारत असता."

बायका हसल्या. आबा आधी रागावायला निघाले, मग काय झालं कोणास ठाऊक, साडीच्या कोपऱ्यावरच्या एका खंडावर बसकण मारून म्हणाले, "थोडा घाटा आहे का गरम?" त्यांना वाटीत घाटा तेल घालून मिळाला आणि ते, नानांच्या माहितीप्रमाणे पहिल्यांदाच, काही न विचारता खात बसले.

प्रमिलाबाईंनी मात्र हात पदराला पुसले, सूप ओढलं आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "रंग कशाला बघत बसलात इतके दिवस? बसायचंय कुणाला आणि वाळवायचंय कुणाला, तेवढं बघा." आणि एका रिकाम्या साडीवर त्यांनी दोनच रांगा मांडायला सुरुवात केली. बसणारे इकडे : आबा, निंबा भाऊ, हितेंद्र, गुडघेवाले, न फिरणारे फिरस्ते. वाळवणारे तिकडे : मिरच्या, कुरडया, गहू, आणि कुंदाबाईंचा ओटा. तो कागद त्यांनी दोनदा वाचला. कुंदाबाई पायाच्या अंगठ्याकडे बघत होत्या. 

"लाज कसली वाटते गं?" प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि तो कागद त्यांनी रांगेच्या सगळ्यात वर ठेवला.

"इतला कागद कसाले लागतस?" भागाबाई घाटा ढवळत म्हणाली. "खाले सावली, वर ऊन. इतलंच ते शे!"

नाना चमकले. खाली सावली, वर ऊन. म्हणजे एक खोली. खाली बसायला, वर स्लॅब वाळवायला, बाहेरून जिना. दोन्ही रांगा त्यात मावत होत्या. एवढंच नव्हे, सासू वर असेल तेव्हा सून खाली बसू शकत होती, आणि उलटंही. न्यासाच्या मॅडमने सांगितलं होतं तसा अर्थ खरंच वर आला होता. फक्त तो आपोआप आला नव्हता, भागाबाईने पळीने ढवळून आणला होता.

"थांबा, एक राहिला," दिपमाला म्हणाली. सुपाच्या तळाशी चिकटलेला एक गुलाबी कागद तिने सोडवला. "'पुस्तकांची एक खोली असावी.' याच्या मागे नाव नाही."

"हाई कोनी लिखं?" भागाबाईने विचारलं.

सगळ्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. आबांनी चमचा थांबवला. नानांना ठाऊक होतं की अजून सात-आठ सेकंद गप्प राहिलं तर हा कागद वाऱ्यावर जाईल आणि कोणाला कधीच कळणार नाही. खाली तोतारामने घंटी वाजवली.

"मी," नाना म्हणाले.

आवाज इतका मोठा निघाला की त्यांचे तेच दचकले. "कोणी बोललं नव्हतं ते. मीच लिहिलं आणि मध्ये घातलं. ते खरं नाही... म्हणजे खरं आहे, पण चर्चेत नव्हतं. तो कागद काढून टाका."

"मग चर्चेत का नाही बोललात?" आबांनी विचारलं.

"म्हटलं, सगळे म्हणतील तसं."

आबांनी आपल्या वाटीकडे पाहिलं. कुंदाबाईंनी अंगठ्याकडे. भागाबाईने सुनेकडे आणि सुनेने सासूकडे. 

"सांगं नही ते समजी कसं, नाना?" भागाबाई म्हणाली, आणि हे वाक्य नक्की कुणाला उद्देशून होतं, ते तिलाही सांगता आलं नसतं. प्रमिलाबाईंनी दिपमालाच्या हातातून गुलाबी कागद घेतला, पेन मागितलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला, घाट्याच्या बोटांनी, नवऱ्याचं नाव लिहिलं. मग तो बसणाऱ्यांच्या रांगेत ठेवला. सगळ्यात वर नाही. मध्ये, गुडघेवाल्यांच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी अर्ज जळगावला गेला. चाळीस शब्दांच्या चौकोनात नानांनी चारच शब्द लिहिले आणि उरलेली जागा कोरी सोडली. ऋतिका मॅडमचा फोन आला. "काका, चारही शब्द कळले. पण खाली 'पद्धत' असा रकाना आहे, तिथे तुम्ही 'बिबडे' असं लिहिलंय. हे काय आहे?"

"तुम्ही एकदा या," नाना म्हणाले. "एका कागदात मावणार नाही ते."

मॅडम आली, तळलेले बिबडे खाऊन गेली, आणि रकाना तसाच मंजूर झाला. पण पाया आखाजीनंतर खोदायचा ठरला. म्हणजे नानांची खोली आखाजीच्या आत होत नव्हती आणि तोताराम आखाजीच्या आत येणार होता.

पण त्या सकाळपासून एक वेगळीच गोष्ट सुरू झाली होती. बिबड्यांची पाळी एका घरावरून दुसऱ्या घरी जात होती. साडीच्या कोपऱ्याला पुस्तकच बरं, विटेचा डाग पडतो, असं बायकांच्या ध्यानात आलं होतं. "नाना, ते चार जाड द्या, उद्या आमच्याकडे आहे," असं म्हणत त्या येत. मग कुरडया आल्या, मग गहू, मग मिरच्या. एकेका गच्चीवर पाच-पाच साड्या. नानांना 'नको' म्हणायला सात-आठ सेकंद लागत, तेवढ्यात पुस्तकं जिन्यावर असत.

आखाजीच्या दोन दिवस आधी तोताराम काटा घेऊन आला. वाकून पलंगाखाली बघितलं, दुसऱ्या पलंगाखाली बघितलं. "वहिनी, कोनी दुसरा रद्दीवाला येई गया का?" त्याने दुखावल्या आवाजात विचारलं. पलंगाखाली फक्त फरशी होती. नानांनी ती बारा वर्षांनी पाहिली. तिला नक्षी होती हे ते विसरले होते.

त्याच संध्याकाळी फाटकाशी दिपमाला आली. या वेळी तिने आजूबाजूला बघितलं नाही. "नाना, ऊन उतरेपर्यंत राखणीला बसले होते, तेव्हा कोपऱ्यावरची कादंबरी वाचायला घेतली. खून झाला आणि भाग संपला. दुसरा भाग कुठे आहे?"

नाना आत गेले. माळ्यावरून त्यांनी कॉलेजातली जुनी, लाल कापडी बांधणीची नोंदवही काढली आणि चौदा गच्च्यांची फेरी मारून आले. परत येऊन लिहायला बसले. दुसरा भाग : निंबा भाऊ, गच्ची, मिरच्या, दक्षिणेचा कोपरा. शब्दकोश, खंड तीन : चुडामण आबा, कुरडया. आबांच्या नावापुढे मात्र कुरडया खोडाव्या लागल्या, कारण त्या चार दिवसांपूर्वीच वाळून डब्यात गेल्या होत्या आणि आबा अजूनही रोज सकाळी रिकाम्या गच्चीवर तो खंड मांडीवर घेऊन बसत होते. वाचत असत की नाही कोणास ठाऊक. पण हातात पुस्तक असलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

आखाजीच्या दिवशी सुलक्षणाची मुलं पलंगाखाली लपाछपी खेळत असताना आबा फाटकाशी आले. रस्त्यावर निम्मी कॉलनी होती. आबा नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पंडित भाऊ, खोली व्हायला पावसाळा जाईल. तोपर्यंत ही पुस्तकं परत कधी द्यायची? तुमचं काय मत आहे?"

नानांच्या जिभेवर सगळे शब्द जुन्या क्रमाने तयार उभे होते. सर्वांचं जे. कुंदाबाई बघत होत्या, निंबा भाऊ बघत होते, दारात प्रमिलाबाई बघत होत्या. तीन सेकंदही लागले नाहीत.

"पंधरा दिवसांनी," ते म्हणाले. "एक दिवस उशीर झाला तर मी घरी येईन. आणि पानाला बिबडा चिकटला असेल, तर पाणी लावून, साडीवरून सोडवता तसा, अलगद सोडवायचा."